मौलाली टेलरची जाळी

भोरच्या बाजारपेठेत मौलालीचाचांनी उभी हयात कपडे शिवण्यात घालवली. शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे झगझगीत कोट, ट्रकच्या ताडपत्र्या, जे येईल ते. पण दुकानात कुणी टेकलं की ते बोलायचे एकाच शिवणकामाबद्दल. "आमच्या फौजियाला जाळी म्या शिवून दिलीय. डोळ्यांला दिसत न्हाईत असले जीव घावत्यात तिच्यात. भाटघरचं पानी आजारी हाय, ते कुनी हुडकलं? त्या जाळीनं." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि आपली पँट कधी मिळणार ते विचारायचं.

फौजिया ही त्यांची एकुलती एक लेक. नसरापूरच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, पण नोकरी कायम नव्हती. दर जूनला नव्याने अर्ज, दर जूनला नव्याने धाकधूक. या वेळी संस्थेने स्पष्टच सांगितलं होतं, येत्या जूनपर्यंत पीएचडीचा प्रबंध सादर झाला तर जागा तुमची, नाहीतर जाहिरात निघेल. सन दोन हजार एकचा फेब्रुवारी चालू होता. प्रबंध टाइप होऊन घरी कपाटात पडला होता, फक्त बांधायला टाकायचा राहिला होता.

विषय होता भाटघर धरणाच्या फुगवट्यातले प्राणिप्लवक. म्हणजे पाण्यात तरंगत जगणारे इतके बारके जीव, की ओंजळीत ढिगाने असले तरी ओंजळ रिकामीच दिसते. मासे त्यांच्यावर जगतात, आणि कोणत्या जातीचे किती आहेत यावरून पाण्याची तब्येत कळते. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात ही हमाली आहे. रविवारी उठून घरचं आवरायचं, वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसायचं, गेनबा नावाड्याच्या होडीतून पाण्याच्या मधोमध जायचं आणि लोखंडी कड्याला शिवलेली ती लांब निमुळती जाळी दोरीने पाण्यातून ओढायची. पाणी जाळीतून निघून जातं, जीव तळाच्या बाटलीत उरतात. मग आठवडाभर कॉलेज सुटल्यावर सूक्ष्मदर्शकावर वाकून त्यांची मोजणी. या कामात फौजियाची मान कायमची धरली होती. नवरा हाशिम सारोळ्याच्या पुलाजवळ टायरचं दुकान चालवायचा. तो जेवताना विचारायचा, "झालं का तुझं किडं मोजून? का उद्या त्यांला आनखी पोरं हुनार?" तिला हसायलासुद्धा जिवावर यायचं.

आदल्याच्या आदल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं, तेव्हा बुडालेल्या एका जुन्या बुंध्याला अडकून जाळी उभी फाटली होती. कापड पुण्याहून मार्गदर्शक जेधे सरांच्या प्रयोगशाळेतून यायचं, आणि सर परगावी गेलेले. फौजिया तापाने फणफणलेली. रविवार चुकला तर इतक्या दिवसांची साखळी तुटणार म्हणून ती अंथरुणात रडत होती. मौलालीचाचा काही न बोलता जाळी घेऊन गेले, कुठूनसं तसलंच पांढरं कापड पैदा केलं आणि शनिवारी जाळी कोरी करकरीत करून आणून ठेवली. तोंडाकडची पट्टी जुनीच, खालचं सगळं अंग नवं. "पैल्यापरीस चिवट हाय," ते म्हणाले. "आता हत्ती बांध हिला." टेलरच्या लेखी चांगलं कापड म्हणजे टिकणारं कापड.

फौजियाला तर ती जाळी फारच आवडली. जुन्या जाळीतून पाणी निघायला वेळ लागायचा, ओढताना दंड भरून यायचे. ही वर आली की पाणी कसं झटकन निथळायचं. तापातून उठलेल्या माणसाला तेवढं सुखही पुष्कळ असतं. कापड कुठलं, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. पांढरं होतं, जाळीचं होतं आणि रविवार चुकला नव्हता.

त्या पावसाळ्यापासून बाटलीत बारके जीव दिसेनासे झाले. रोटिफर म्हणून एक कुळी असते, प्लवकांतली सगळ्यांत बारकी मंडळी. आपल्याकडच्या तळ्या-धरणांत त्यांचंच राज्य. ती जवळजवळ गेलीच. उरले ते सायक्लॉप्स आणि त्यांच्या नात्यातले, अंगाने थोराड जीव. फौजियाने पुन्हा पुन्हा मोजलं. डोंगरांवरून लाल गाळ फार येऊ लागलाय, त्यात बारकी मेली, असं कारण तिने मांडलं आणि त्यावर एक अख्खं प्रकरण उभं केलं. जेधे सर खूश झाले. समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात थोराडांचं राज्य असतं, आतल्या गोड्या पाण्यात बारक्यांचं. फौजियाची यादी नेमकी उलटी निघाली होती. "रत्नागिरीच्या खाडीची यादी आणि तुझी यादी शेजारी ठेवली, तर कुठली कुठली ते ओळखू येत नाही," सर म्हणाले. "तुमच्या भाटघरला समुद्र लागला की काय!" रत्नागिरीच्या एका परिषदेत त्यांनी हे भर सभेत सांगितलं, आणि लोकांनी टिपून घेतलं.

तर त्या फेब्रुवारीत, प्लवक जिवंत कसे दिसतात ते मुलांना दाखवावं म्हणून फौजियाने धरणाचं पाणी नुसतं कॅनमध्ये भरून कॉलेजात आणलं. गोळा करायचं काम संपलं होतं, त्यामुळे जाळी घरीच होती. पाणी रात्रभर ठेवून तिने तळाचे थेंब मुलांच्या काचपट्ट्यांवर सोडले. सोनिया नावाची गुंजवण्याची एक मुलगी सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता ओरडली, "मॅडम, हे बघा की! काटं हायेत अंगावर, आन् पाठीवर कासवावानी नक्षी. लई हायेत!"

फौजियाने डोळा लावला. केराटेला होती, रोटिफरांतलीच, आणि एकटीदुकटी नाही, थेंबभर गर्दी होती. शेजारच्या मुलाच्या काचपट्टीवर तीच. त्याच्या पलीकडच्या मुलीकडेही तीच. भाटघरच्या फुगवट्यातून ही जात जवळपास नाहीशी झाली आहे, असं फौजियाच्या प्रबंधात स्वच्छ टाइप केलेलं होतं.

"काढा आकृती," ती मुलांना म्हणाली आणि खुर्चीत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने जाळी कॉलेजात नेली. मुलं गेल्यावर तोंडाकडची जुनी पट्टी आणि खालचं कापड एकाशेजारी एक ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पट्टीची भोकं इतकी बारीक की नजर ताणावी लागत होती. खालच्या कापडाची भोकं म्हणजे उघडी दारं. त्यावर तिने कॅनमधल्या पाण्याचा थेंब टाकला. एक केराटेला गोल फिरत आली आणि अडखळलीसुद्धा नाही, सरळ पलीकडे गेली. रव्याच्या चाळणीने मैदा चाळावा आणि वर काही उरलं नाही म्हणून रडावं, तसं फौजियाने केलं होतं. तिला स्वतःचाच राग आला, पण रागावण्याइतकीही ताकद अंगात नव्हती. पाणी झटकन निथळतं म्हणून खूश झालेली बाई ती हीच.

शनिवारी ती पुण्याला सरांकडे गेली. जेधे सर निवृत्तीला टेकलेले, बोलण्यात तिखट पण मनाने बरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले.

"परीक्षक लांबचे आहेत," ते म्हणाले. "ते प्रबंध वाचतील. जाळी मागवून बघणार नाहीत."

"मग सर?"

"मग काही नाही. काय होईल ते सांगतोय, काय कर ते सांगत नाही. ते प्रकरण काढलं तर प्रबंध लुळा पडतो. पुन्हा वर्षभर खऱ्या कापडाने नमुने घ्यावे लागतील, आणि तुझा जून जाईल. ठेवलंस तर जून गाठशील. मी रत्नागिरीत बोलून बसलोय, त्याचं मी निस्तरेन. पण प्रबंधावर नाव तुझं आहे, फौजिया."

त्यांनी कपाटातून बारीक कापडाची एक गुंडाळी काढून तिच्यापुढे ठेवली. "लागलं तर असू दे."

त्यांनी रागवायला हवं होतं, असं तिला फार वाटलं. टेबलावर मूठ आपटून त्यांनी काहीतरी एक कर म्हणून फर्मावलं असतं, तर तिने निमूटपणे ते केलं असतं. परतीच्या एसटीत खिडकीच्या गजाला डोकं टेकून ती बसली. प्रबंध कपाटात तयार आहे. कुणाला फसवायला जायचं नाही, काही खोडायचं नाही, नुसता बांधायला टाकायचा. काहीच करायला नको, हाच त्यातला मोठा मोह होता. नसरापूर आलं तसं तिने ठरवून टाकलं, टाकू बांधायला. दमलेल्या माणसाने आणखी किती दमायचं?

भोरला उतरून ती अब्बांच्या दुकानात टेकली. चाचा एकटेच होते, शाळेच्या चड्डीला काजं करत होते. तिने पिशवी फळीवर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेली. बाहेर येते तो गुंडाळी त्यांच्या हातात. टेलरचा हात कापडाकडे आपोआप जातो, त्याला कोण काय करणार.

"हे तुझ्या पैल्या जाळीचं," ते म्हणाले. कापड त्यांनी चिमटीत चोळून पाहिलं, मग दाराच्या उजेडात धरलं. "ह्याच्यातनं तर काय दिसंना." त्यांनी खालच्या खणातून एक उरलेला तुकडा काढला आणि तोही उजेडात धरला. "आन् ह्यातनं समोरचा पानवाला दिसतोय. हे लग्नपत्रिका छापनाऱ्याकडनं आनलं हुतं म्या. शाई जायची असती त्यातनं." त्यांनी तुकडा खाली घेतला. "फौजिया, मग ती जीवबी गेली व्हय ह्यातनं?"

खोटं बोलायला तिची हरकत नव्हती, पण तयारी नव्हती.

"गेली, अब्बा."

"समदी?"

"बारकी समदी."

चाचा स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "म्या गावभर सांगितलं की गं, धरन आजारी हाय म्हनून."

समाधान कसं करतात तेच फौजियाला आठवेना. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, दुकानाच्या काचा थरथरल्या. चाचांनी मान वर केली.

"म्हंजी मग धरनाला काय झालंच न्हाई?"

तो गर्दीने भरलेला थेंब पाहिल्यापासून तिने जूनचा विचार केला होता, जागेचा केला होता, सरांचा, परीक्षकांचा केला होता. हे एकदाही मनात आलं नव्हतं. गाळाने कुणी मेलं नव्हतं. एवढे दिवस ती सगळी तिथेच होती, तिच्या जाळीतून आत येत होती आणि बाहेर जात होती.

"न्हाई," ती म्हणाली, आणि कॉलेजातली भाषा तिच्या तोंडून गळून पडली. "काय बी झालं न्हाई. ठनठनीत हाय धरन."

"मग बरंच झालं की," ते म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. "आन् बुक?"

"बुक तयार हाय. बांधायला टाकायचंय."

"त्यात काय लिवलंय? आजारी हाय म्हनून?"

"व्हय."

"आन् माझं नाव हाय न्हवं त्यात? जाळी शिवनारा म्हनून?"

"हाय, अब्बा. पैल्याच पानावर."

त्यांनी मान हलवली. ती समजल्याची होती की नकाराची, तिला कळलं नाही. त्यांनी चड्डी बाजूला सारली, फळीवरचे दोऱ्याचे तुकडे हाताने झाडले आणि गुंडाळी अर्धी उलगडली. कापड पसरत गेलं, पण कात्री काही त्यांनी उचलली नाही.

"बुक तयार हाय, तर हे कशाला आनलंस?"

सरांनी दिलं म्हणून, असं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं. पण तिथेच टेबलावर ठेवून येता आलं असतं, एसटीत विसरता आलं असतं, पिशवीच्या तळाशी दडपून सरळ घरी जाता आलं असतं. सारोळ्याहून हाशिम यायच्या आत भाकरी टाकायच्या होत्या. मान ठणकत होती. होडी, दोरी, वडापची जीप, वर्षभराचे रविवार, सगळं तिच्या अंगावर एकदम आलं, आणि तिला तिथेच फळीवर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं.

"आनलंयस तर माप सांग," चाचा म्हणाले. "न्हाईतर घडी घालून ठिवतो."

फौजियाने डोळे पुसले आणि माप सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज फुटला, कारण जून गेला होता, आणि तो तिने आपल्या तोंडाने घालवला होता.