आबांच्या यंत्रात जागा करताना

पुस्तकं बाद करण्याचं काम ग्रंथालयात कुणालाच नको असायचं, म्हणून ते दर वर्षी तिथे नोकरीला असलेल्या आबांच्या सुनेच्या गळ्यात पडायचं. बाकीच्यांचा जीव पुस्तकात अडकायचा, हिचा अडकत नसे. शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची. पाच वर्षांत एकही शिक्का नाही? मग उतरा खाली, जागेसाठी बाकीचे ताटकळलेत. आणि वाचकांना विचारायचं नाही, हा तिचा पहिला नियम. वाचकाला विचारलं की त्याला प्रत्येक पुस्तक हवंच असतं, मग ते त्याने जन्मात उघडलेलं का नसेना.

त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी सासऱ्यांनी आपलं जीपीएस यंत्र जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं आणि ‘यात नवीन काही शिरतच नाहीये’ म्हणाले, तेव्हा तिचे हात शिवशिवले.

सासऱ्यांना घरात आबा म्हणत. घरात म्हणजे काय, तर तीच म्हणे. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षाचे आठ महिने पाण्यावर. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. उरली ही दोघं. सात वर्षं एका छपराखाली राहत होती, आणि सात वर्षांत त्यांच्यात भांडण असं कधी झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. ‘चहा ठेवू का?’, ‘किल्ली घेतलीस ना?’, ‘आज उशीर होईल’ यापलीकडे गाडी सरकत नसे. आपण त्यांना चालतो, पण आवडतो असं काही नाही, असा हिशेब तिने मनाशी कधीच मिटवून टाकला होता.

आबांनी चाळीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांना डब्या शोधायचा नाद लागला. खेळ साधा होता. जगभर हौशी लोक कुठे झाडाच्या ढोलीत, कुठे पुलाखाली एखादी डबी लपवतात आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतात. बाकीच्यांनी ती यादी आपल्या यंत्रात उतरवून घ्यायची, बाणामागे चालत जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तशी ठेवून यायचं. आबांचं यंत्र साबणाच्या वडीएवढं, बटणांचं आणि जुनं. त्यात दोन हजार डब्या मावत. त्यापुढची आली की यंत्र कुरकुर करत नसे, चक्क काणाडोळा करत असे.

‘दोन हजार भरल्यात, आबा,’ तिने ते संगणकाला जोडून सांगितलं. ‘तुम्ही नऊ वर्षं नुसत्या भरतच आलाय. जुन्या काढायला नकोत?’

‘काढ की. तुझं रोजचंच काम आहे ते,’ आबा म्हणाले आणि चष्मा पुसत आत गेले.

तिने पदर खोचला. अकराशे चाळीस डब्यांपुढे हसऱ्या चेहऱ्याची खूण आणि तारीख होती. बाकीच्या आठशे साठांपुढे काहीच नव्हतं. खूण नाही, तारीख नाही, वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघितलेलं नाही. तिच्या दृष्टीने निकाल लागलेलाच होता. तारीखवाल्या ठेवल्या, बिनतारखेच्या सगळ्या पुसल्या. पुसलेल्या फायली यंत्राच्याच कचरापेटीत पडून जागा अडवतात हेही तिने शोधून काढलं आणि पेटीही झाडून स्वच्छ केली. मग आबांनी काढून ठेवलेली टेकडीवरच्या साठ डब्यांची नवी फाइल आत सरकवली. अलगद बसली. इतकं नेटकं काम झालं की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी दोघं बसने शेवटच्या थांब्यावर उतरली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आबांना पहिल्यांदाच चढायची परवानगी दिली होती, पण एकट्याने नाही. म्हणून ही सोबत. सुटीचा दिवस गेला म्हणून ती जरा फुरंगटलीच होती.

‘तू या बाकावर बस पुस्तक घेऊन,’ आबा म्हणाले. ‘मी तासाभरात वर जाऊन आलो.’

तिने पुस्तक उघडलं. दोन पानं झाली तरी आबा तिथेच उभे. बटणं दाबत होते, थांबत होते, पुन्हा दाबत होते.

‘काय झालं, आबा?’

‘काही नाही. ही एक डबी तळ्याच्या मधोमध दाखवतंय.’

‘मग तळ्यातच असेल.’

‘नव्हती गं,’ आबा तिच्या शेजारी बसले. ‘ही कोड्याची डबी आहे. संकेतस्थळावर मुद्दाम खोटी जागा दिलेली असते. कोडं सोडवलं की खरी मिळते. मी सोडवलं होतं आणि खरे आकडे यात हाताने भरून ठेवले होते. आता नव्या फायलीबरोबर पुन्हा ती खोटी जागाच आली.’

तिने पुस्तक मिटलं. ‘तुम्हाला न सापडलेल्या सगळ्या मी काढून टाकल्या. मला वाटलं, ज्यांना तारीख नाही त्या तुम्हाला नकोशा असणार.’

‘अगं, ज्या सापडल्या त्या घेऊन मी काय करू? न सापडलेल्यांसाठीच तर हे बाळगायचं.’

ते शांतपणे म्हणाले, आणि तिला तेच जास्त लागलं. खरंच की, ग्रंथालयात कुणी हात लावला नाही ते टाकायचं, आणि इथे ज्याला हात लावायचा राहिलाय तेच जपायचं. हे विचारायला तिला गुरुवारी एक वाक्य पुरलं असतं.

‘आकडे कुठे लिहून ठेवले नव्हते?’

‘कागद हरवतो म्हणून यंत्रात घातले, आणि कागद फाडला.’

‘मग ज्यांनी लपवली त्यांनाच विचारू.’

आबांनी मान हलवली. ‘मास्तरची आहे.’

मास्तर तिला ठाऊक होते. गणिताचे निवृत्त शिक्षक, आबांचे पन्नास वर्षांचे दोस्त. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. आता ते शुश्रूषा केंद्रात होते आणि आबा पूर्वीसारखेच दर रविवारी चारला त्यांना भेटायला जात.

‘माझ्यासाठी डबी लपवली एवढं त्याला आठवतं. कुठे, ते गेलं डोक्यातून,’ आबा म्हणाले. ‘दर रविवारी विचारतो, माझी डबी सापडली का रे? मी म्हणतो, गुडघा बरा होऊ दे. आता गुडघा बरा झालाय, तर डॉक्टर म्हणतात त्याचं हृदय थकलंय. महिनाभर काढला तरी पुष्कळ. म्हटलं आज चारला जाऊन सांगावं, सापडली.’

‘चुकलं’ हा शब्द तिला फार लहान वाटला. मग तिने हात पुढे केला. ‘कोडं आहे का यात? द्या इकडे.’

बोटभर पडद्यावर ती एकेक ओळ खाली सरकवत वाचू लागली. ‘देवघेवीच्या टेबलाशी सहा वाचक आले. पहिल्याला मधमाश्या पाळायच्या आहेत. दुसऱ्याला भरतकाम शिकायचं आहे. तिसरा बुद्धिबळात हरतो. चौथ्याचं घड्याळ बंद पडलंय. पाचव्याला भूकंपाची भीती वाटते. सहाव्याला पोहता येत नाही. प्रत्येकाला बरोबर कपाटाकडे पाठव आणि तिथल्या आकड्यातला शेवटचा अंक ठेवून घे. पहिले तीन अंक उत्तरेच्या आकड्याचे शेवटचे, पुढचे तीन पूर्वेच्या.’

तिने मान वर केली. ‘आबा, हे तर आमच्या पुस्तकांवरचे विषयांचे आकडे आहेत. मधमाश्या सहाशे अडतीस. भरतकाम सातशे सेहेचाळीस. बुद्धिबळ सातशे चौऱ्याण्णव. आठ, सहा, चार. घड्याळं सहाशे एक्क्याऐंशी, भूकंप पाचशे एक्कावन्न, पोहणं सातशे सत्त्याण्णव. एक, एक, सात.’

आबा तिच्याकडे बघतच राहिले. ‘मला सात महिने लागले होते.’

‘सात महिने? घरात मी असताना?’

‘गावाच्या त्या टोकाच्या वाचनालयात जाऊन बसायचो,’ आबा ओशाळून म्हणाले. ‘दोन बस बदलून. तिथला माणूस माझ्याकडे संशयाने बघायचा. आज मधमाश्या, उद्या भूकंप.’

‘अहो, पण मला का नाही विचारलंत?’

‘तू दिवसभर लोकांना कपाटं दाखवून दमून यायचीस. म्हटलं घरी आल्यावर तरी तुझ्यामागे वाचक नको.’

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. सात वर्षं ज्याला ती अलिप्तपणा समजत होती, ती या माणसाची आपल्याबद्दलची काळजी होती. तिला एकदम फार बरं वाटलं. इतकं बरं, की ते लपवावंसंही वाटलं नाही. ‘आबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही फार चांगले आहात. पण अंमळ वेडे आहात.’

‘ते मास्तरही म्हणायचा,’ आबा म्हणाले आणि आकडे भरायला लागले.

बाण तळ्यातून निघाला आणि टेकडीकडे वळला. पुस्तक पिशवीत गेलं. जुन्या खाणीच्या बाजूने दोघं हळूहळू चढली, आबांचा हात तिच्या खांद्यावर. वर पाण्याच्या टाकीला लोखंडी जिना होता. सगळ्यात खालच्या पायरीच्या पोटात हात घालून आबांनी चाचपलं, आणि लिफ्टच्या खाली आयुष्य घालवलेल्या त्या बोटांनी चुंबकाने चिकटलेली डबी क्षणात ओढून काढली.

झाकण गंजलं होतं. आत प्लास्टिकच्या पिशवीत सहीचा कागद, आणि त्यावर मास्तरांचं ठसठशीत अक्षर. आबांना चष्मा लावूनही वाचवेना, म्हणून तिने वाचलं.

‘लिफ्टवाल्या, एकटा आला असशील तर सही करू नकोस. गुपचूप डबी ठेव आणि सूनबाईला घेऊन ये. घरात दोघं आहोत पण बोलायला विषय नाही, असं दर रविवारी माझ्यापाशी रडतोस. हा घे विषय. आणि तिला घेऊनच आला असशील, तर आधी तिची सही.’

टाकीपाशी वारा जोरात होता. दोघंही जिन्यावर बसली. तळ्याच्या मधोमध, जिथे मघाशी डबी दिसत होती, तिथे काहीच नव्हतं, नुसतं पाणी चमकत होतं.

‘मी एकटाच येणार होतो,’ आबा म्हणाले. ‘तू पुसलं नसतंस तर मी आत्ता डबी पुन्हा ठेवून खाली आलो असतो, आणि तुला काय सांगू, काय सांगू म्हणत अजून वर्ष काढलं असतं.’

तिने सही केली. खाली आबांनी केली. ज्या कुण्या अनोळखी माणसाने या यंत्रात दोन हजारांच्या वर जागा ठेवली नाही, त्याचे तिने मनातल्या मनात आभार मानले. मास्तरांचे मात्र समोर जाऊन मानायचे होते.

चार वाजता केंद्रातल्या खोलीत मास्तर उशीला टेकून बसले होते. खूप वाळले होते. आबांना बघताच त्यांचे डोळे लकाकले.

‘माझी डबी सापडली का रे?’

‘सापडली,’ आबा म्हणाले आणि सगळं साग्रसंगीत सांगितलं, तळं, सहा वाचक, टाकीचा जिना. मास्तर अंगठा उंचावून हसले. ती त्यांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ही कोण?’

‘माझी सून. हिनेच सोडवलं कोडं.’

‘वा!’ मास्तर म्हणाले आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही. नर्स औषध देऊन गेली. मास्तरांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आबांकडे पाहिलं आणि डोळे पुन्हा लकाकले.

‘माझी डबी सापडली का रे?’

आबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एक शब्द न गाळता. मास्तर पुन्हा तितकेच हसले. तिसऱ्यांदाही त्यांनी तेच विचारलं. आबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, ‘आता तू सांग गं.’

तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. ‘सापडली, मास्तर,’ ती म्हणाली. ‘त्याचं असं झालं, गुरुवारी मी सगळं पुसून टाकलं...’