चौऱ्याऐंशी नंबरचा ब्लॉक

शाळांच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या पंचगिरीचं हे माझं चोविसावं वर्ष आणि शेवटचं. गुडघा तसं म्हणतो, बायको लॉर्ना तसं म्हणते, आणि मैदानाच्या कडेला उभे राहून घसा फोडणाऱ्या पोरांच्या बापांचंही वेगळं म्हणणं नाही. नवीन पंच मिळत नाहीत. आठवडाभर कामाला जुंपून घ्यायचं, मग सत्तर मैल गाडी हाकत जाऊन अनोळखी गावाच्या शिव्या खायच्या, हे कुठल्या शहाण्या माणसाला सुचणार? म्हणून आम्ही पाच म्हातारेच नेब्रास्काच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून फिरत असतो. आठवड्याचे पाच दिवस मी गॅसचा टँकर चालवतो. सहाव्या दिवशी हा छंद.

मी काही नावाजलेला पंच नाही. धावायला मंद आहे. नियमांचं पुस्तक आमच्या मुख्य पंचाला, लॉवेल प्रिबिलला, तोंडपाठ आहे, मला नाही. पण एक गोष्ट माझी होती. माझा हात कधी खोटा पडला नाही.

मी मैदानाच्या कडेला, चेंडू ठेवलेला असतो तिथून आडव्या जाणाऱ्या काल्पनिक रेषेत उभा असतो. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारी पोरं, माझ्याजवळ, अगदी बाहेर उभी राहतात, आणि चेंडू असतो पार मधे. इतक्या लांबून आपण रेषेवर आहोत की मागे, हे त्यांना नेमकं कळत नाही. मग ती माझ्याकडे बोट करून विचारतात. मी हात मागे पसरला की समजायचं, मागे आहेस, ठीक आहे. पुढे असला तर मी हळूच म्हणायचो, "अर्धं पाऊल मागे, बाळा." असं विचारायचं, सांगायचं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. आम्ही आपले सांगतो, आणि पोरं त्यावर विसंबतात. हा हात असाच खरा ठेवून घरी बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

नोव्हेंबरातला शनिवार, दुपारी दोनची मॅच. ब्रूम क्रीकच्या शाळेचं मैदान, समोर मिल्बर्ग. हरेल त्याचा हंगाम संपणार. वारा असा की डोळ्यांतून पाणी.

मॅचआधी ब्रूम क्रीकचा चौऱ्याऐंशी नंबर माझ्याकडे आला. टेट ऑस्टरमन. उंच, हडकुळा, शेवटच्या वर्षाचा. रिसीव्हर असूनही याच्याकडे कोणी चेंडू फेकत नाही. याचं काम एकच, साथीदाराकडे चेंडू आला की समोरच्याला अडवून धरायचं, म्हणजेच ब्लॉक.

"सर, यंदा दोनदा फाउलचा फ्लॅग पडलाय माझ्यावर," तो म्हणाला. "दोन्ही वेळा लवकर ब्लॉक केला म्हणून. तिसऱ्यांदा पडला तर कोच जर्सी काढून ठेवायला सांगणार आहेत."

"मग उशिरा कर की."

"उशीर केला तर समोरचा निसटतो ना, सर. मग ते त्याबद्दल ओरडतात."

मला हसू आलं. पोराचं खरं होतं. पास रेषेच्या पुढे चालला असेल तर तो पकडला जाईपर्यंत समोरच्याला हात लावायचा नाही. पण साथीदाराने रेषेच्या मागेच पकडला तर पहिल्या क्षणापासून खुशाल भिडावं, फक्त समोरून, उघड्या पंजांनी. म्हणजे ब्लॉक याचा, पण तो बरोबर की चूक हे ठरणार साथीदार कुठे उभा आहे त्यावर.

"त्यामुळे मी दर वेळी विचारणार," टेट म्हणाला. "माझ्या शेजारचा, पास घेणारा सात नंबर मागे आहे ना, म्हणून. चालेल?"

"विचार रे. दुसरं काय काम आहे मला?"

पहिल्या अर्ध्यात त्याने खरोखर दर वेळी विचारलं. मी दर वेळी मान वळवून बघितलं आणि मगच हात केला. दोनदा सात नंबरला मागे सरकवलं. सात नंबर, ब्रायर, हा गावाचा लाडका. त्याला मागे व्हायला सांगितलं की तोंड वाकडं करायचा, पण व्हायचा. टेट ब्लॉक मात्र असा करायचा की बघत राहावं. झोंबाझोंबी नाही, जर्सी ओढणं नाही. दार लावून घ्यावं तसा समोर जाऊन उभा.

मध्यंतरात आम्हाला झाडूवाल्याच्या खोलीत बसवलं. वाडगाभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण, आणि दालचिनीचा रोल. मी पँट वर केली तर गुडघा टम्म फुगलेला.

"अरे मर्ल, हा गुडघा आहे की कलिंगड?" लॉवेल म्हणाला.

"गप रे. दोन तासांचा प्रश्न आहे."

"जागचा हलू नकोस फार. तुझ्या वाटचं मी बघतो."

नंतरच्या अर्ध्यात मी जागचा हललो नाही, हे खरं. पण थकवा पायातच थांबत नाही. वारा कानात घुसत होता. पाठीमागे ब्रूम क्रीकचे कोच हेनिंग अखंड चालू होते. "मर्ल, त्याने ओढलं दिसलं नाही का? मर्ल, चष्मा घरी राहिला का?" टेट विचारायचा, माझा हात आपोआप मागे जायचा. किती वेळा मान वळवली आणि किती वेळा नुसता हातच गेला, याकडे माझं लक्ष नव्हतं.

शेवटची चाळीस सेकंदं उरली. मिल्बर्ग वीस, ब्रूम क्रीक सतरा. चेंडू ब्रूम क्रीककडे, मिल्बर्गच्या गोलरेषेपासून बावीस यार्डांवर. पोरं येऊन उभी राहिली. टेट रेषेवर, त्याच्या बाहेर, माझ्या बाजूला, ब्रायर.

"सर, सात मागे आहे ना?"

त्याच वेळी पाठीमागून हेनिंग गरजले, "मर्ल, निदान आता तरी डोळे उघड!" माझं डोकं तडकलं. याला आता काय सुनवावं, हे मी मनात जुळवत होतो, आणि हात मागे पसरला. मान वळवलीच नाही.

चेंडू निघाला. क्वार्टरबॅकने वळून लगेच बाहेर ब्रायरकडे फेकला. टेट केव्हाच समोरच्याला भिडला होता, पंजे उघडे, छातीवर, समोरून, आणि त्याला चार पावलं मागे रेटत घेऊन गेला. दिवसातला सगळ्यात देखणा ब्लॉक. ब्रायरने किंचित पुढे वाकून चेंडू पकडला.

तेव्हा मी बघितलं. तेव्हा मात्र माझे डोळे नेमके रेषेवर होते. चेंडू रेषेच्या अर्धा यार्ड पुढे पकडला गेला होता. मुळात ब्रायर उभाच फार पुढे होता. मी बघितलं असतं तर अर्धं पाऊल मागे घेतला असता.

फ्लॅगचा पिवळा रुमाल माझ्या हातून सुटला. चोवीस वर्षांची सवय, तो सुटतोच. ब्रायर मोकळ्या वाटेने पळत जाऊन मॅच जिंकून देणारा टचडाउन करून आला. सगळं गाव उभं राहिलं, आणि मग एकेकाला रुमाल दिसायला लागला.

लॉवेल धावत आला. "काय आहे?"

"चौऱ्याऐंशी. पास हवेत असताना ब्लॉक."

"पकडला कुठे?"

"पुढे."

"नक्की? मर्ल, मॅच संपतेय यावर."

"अर्धा यार्ड पुढे. नक्की."

"मग आहे ते आहे," तो म्हणाला.

आणखी एक वाक्य माझ्या तोंडात होतं. मी त्याला चुकीचा हात दाखवला, एवढंच. ते बोलून फ्लॅग काही मागे घेता आला नसता, चेंडू पुढेच पकडला होता. पण निदान कोणीतरी ते ऐकलं असतं. मी गिळून टाकलं. लॉवेलने माइकवर नंबर सांगितला, चौऱ्याऐंशी, आणि चेंडू पंधरा यार्ड मागे गेला. पुढचे दोन पास जमिनीवर पडले, तिसरा मिल्बर्गच्या हातात. संपलं.

हेनिंगनी टेटला सगळ्यांदेखत जर्सीला धरून आपल्याकडे वळवलं. "तिसरा! तुला एकच गोष्ट सांगितली होती ना, एकच!" पोरगा काहीतरी सांगत होता, माझ्याकडे बोट करत होता. हेनिंगनी त्याचं बोट खाली दाबलं. लोक ओरडत होते, पण या वेळी मला नाही, त्याला. मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

मॅच संपली की पंचांनी थेट गाडीत बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, ही आमची रीत. झाडूवाल्याच्या खोलीत बूट सोडताना मी लॉवेलला सांगितलं.

त्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. "फ्लॅग बरोबर होता ना?"

"होता."

"मग झालं. हात दाखवणं काही नियमात नाही. तू उपकार करत होतास त्यांच्यावर. चल, लॉर्ना वाट बघत असेल."

"तू गाडी काढ. मी आलोच."

टेट मैदानाच्या कडेच्या बाकावर एकटाच बसला होता. बोटांना बांधलेली पट्टी सोडत होता. मला बघून उठून उभा राहिला. त्या उठण्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस, बस. टेट, तुझा ब्लॉक चोख होता. चूक माझी झाली."

"म्हणजे फ्लॅग चुकीचा होता?"

"नाही. फ्लॅग बरोबर होता. चेंडू पुढेच पकडला गेला. पण तू विचारलंस तेव्हा मी बघितलं नाही. नुसता हात केला."

त्याने सोडलेली पट्टी मुठीत गोळा केली. चिडेल, शिवी देईल, असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

"मी कोचना तेच सांगत होतो," तो म्हणाला. "सरांनी मागे म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, आपलं खापर पंचांवर फोडू नकोस."

"मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना."

"सांगा."

मी निघालो. गुडघ्यामुळे लवकर वळता येईना.

"सर." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मध्यंतरानंतर मी नऊ-दहा वेळा विचारलं होतं. त्यातलं किती वेळा बघितलंत?"

खोटं बोलायला फार सोपं होतं. तेवढं एकदाच, बाकी सगळ्या वेळी बघितलं, असं म्हटलं असतं तर त्याने ऐकूनही घेतलं असतं. मी आठवायला लागलो. एकेक वेळ डोळ्यांसमोर आणायला बघितली. वारा आठवला, हेनिंगचं ओरडणं आठवलं, पसरलेला माझा हात आठवला. सात नंबरचे पाय काही केल्या दिसेनात. त्या दिवसाचेही नाहीत, आणि त्याआधीच्या कितीतरी वर्षांतल्या, माझ्याकडे बोट करून उभ्या राहिलेल्या पोरांचेही नाहीत.

"मला माहीत नाही, टेट," मी म्हणालो.