ड्रममधली जित्राबं

करुणा शेंद्र्याच्या एका कारखान्यात बिस्किटं पॅक करते. डोक्याला टोपी, हातात मोजे, दारात सॅनिटायझर. जंतू दिसो न दिसो, तो मेलाच पाहिजे, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. आपलंही असंच असतं, तेव्हा तिला नावं ठेवायला नकोत.

तिच्या सासूबाई, केसरबाई, घरामागच्या आठ गुंठ्यांत रासायनिक खताशिवाय भाजी पिकवतात आणि छावणीच्या बाजारात विकतात. त्यांचा सगळा भरवसा एका निळ्या ड्रमवर. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात कालवून रोज ढवळायची; फेस आला की ते जीवामृत रोपांना घालायचं. करुणाला त्याची किळस यायची. विहिरीचं पाणी शुद्ध करायला आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घरात होती. तिनं त्यातली अर्धा किलो गुपचूप ड्रममध्ये ओतली. खाणाऱ्यांचं भलंच होईल, असं तिला मनापासून वाटलं.

करोनानंतर केसरबाईंना वास येत नाही, त्यामुळं पावडरीचा उग्र दर्प त्यांना कळलाच नाही. त्यांनी तेच पाणी वांग्याच्या रोपांना घातलं. तीन दिवसांत रोपं करपली. आपल्याच हातून चूक झाली असं समजून त्यांनी खुरपं माळ्यावर टाकलं आणि यापुढं बाजार बंद म्हणून सांगितलं. त्या धड जेवेनात. शेवटी करुणानं पावडर ओतल्याचं कबूल केलं.

“म्हंजी माझा हात नाय चुकला,” केसरबाई आधी एवढंच म्हणाल्या. मग रागावल्या. “दुधाला विरजण लावतीस, त्यात टाकशील का ती पावडर?”

“नाही.”

“त्यात बी जंतूच हायेत. माझ्या ड्रमात बी लई बारकी जित्राबं व्हती. मातीतलं खाणं मोकळं करून मुळाला देत्यात ती. आता रोपाला कोण जेवू घालणार?”

“पण आत्या, जंतूंनी आजार होतात.”

“व्हय, काहींनी व्हत्यात. म्हणून भाजी धुवावी, हात धुवावं. पर एक चोर निघाला म्हणून सगळं गाव मारायचं?”

करुणाला फार लाज वाटली. सुट्टीच्या दिवशी तिनं शेजारच्या गोकुळच्या गोठ्यातून स्वतः शेण आणलं, ड्रम घासून नव्यानं भरला आणि रोज ढवळू लागली. ते पाहून केसरबाईंनी माळ्यावरचं खुरपं पुन्हा खाली काढलं.

पुढं एकदा बाजारात एका गिऱ्हाइकानं मुळ्यांना लागलेली माती पाहून नाक मुरडलं. केसरबाई काही बोलायच्या आत करुणा म्हणाली, “जिवंत माती आहे, ताई. घरी स्वच्छ पाण्यानं धुवा.”

मंडळी, स्वच्छता हवीच. पण दिसेल त्या जिवाला मारणं म्हणजे स्वच्छता नव्हे. औषध ओतण्याआधी आपण कुणाला मारतोय, एवढं तरी विचारून घ्यावं.