बिनखिशाचा कोट

चौथं बटण लागेना. सुपरवायझर बाईंनी श्वास आत ओढला, पोट पाठीला लावायचा प्रयत्न केला आणि बटण काजात गेलं. श्वास सोडताच ते तुटलं आणि घरंगळत थेट मावशींच्या चपलेपाशी जाऊन थांबलं.

"पाचवा महिना का?" मावशींनी न वाकता विचारलं.

"सहावा."

"मग बटणाची काही चूक नाही."

औषधाच्या कारखान्यातली ही कपड्यांची खोली. छतापर्यंत फडताळं, फडताळांत पांढरे कोट, आणि सगळ्यांवर राज्य मावशींचं. उद्या तपासणीची माणसं येणार होती, आणि बाईंना बाटल्यांच्या विभागात त्यांच्यापुढे उभं राहायचं होतं. कोट मापाचा, बाही मनगटापर्यंत, कमरेला कापडी बेल्ट. यंत्रात कापड अडकू नये म्हणून. हा नियम बाईंनीच सगळ्यांकडून घोकून घेतलेला. कोटाच्या खिशात स्टीलची फूटपट्टी घेऊन त्या टेबलाटेबलांवरून फिरत, आणि एखादीची बाही बोटभर लांब दिसली की तिथल्या तिथे मोजत. माघारी सगळ्या त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्या थोड्या सुखावतही होत्या.

मावशींनी सर्वांत मोठा कोट काढला. त्यात पोट मावलं, पण खांदे कोपराकडे उतरले आणि बोटांची टोकंही दिसेनाशी झाली.

"यात तुम्ही आणि तुमचे साहेब, दोघं मावाल," मावशी म्हणाल्या. "यंत्रापाशी नाही चालायचा. दुसऱ्या कुणी घातला असता तर तुम्हीच आधी ओरडला असता."

"माझ्याच कोटाला बाजूनं थोडं कापड जोडून मिळेल?"

मावशी हसल्या असत्या तर निभावलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोटांची वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून वही पुढे सरकवली. अक्षर बाईंचंच होतं, टपोरं, शाळेत बक्षीस मिळवलेलं. 'झाकण टेबल. खिसे उसवून त्या कापडाच्या बाजूंना कळ्या घातल्या. नियमबाह्य. कोट परत घेतला.' खाली सही, आणि सहीखाली फूटपट्टीनं मारलेली दुहेरी रेघ.

दोन वर्षांपूर्वी तो कोट घालणारी, बाटल्यांना झाकणं लावणारी कामगार सातव्या महिन्यात होती. बाईंनी तिला चाळीस जणींसमोर उभं केलं, हात वर करायला लावले आणि कळ्यांची रुंदी मोजली. "फॅशन घरी करायची," असं म्हणाल्या होत्या. दोघी-चौघी हसल्याही. त्यानंतर झाकणवाली रजेवर जाईपर्यंत एक माप मोठ्या कोटात आली. बटणं ओढून लावलेली, वर बेल्ट आवळलेला. दुपार कलली की ती टेबलाची कड धरून उभी राही. बाईंनी ते रोज पाहिलं होतं आणि शिस्तीच्या बाजूला जमा धरलं होतं.

मावशी स्टुलावर चढल्या आणि सर्वांत वरच्या खणातून एक घडी काढली.

"टाकला नाही मी. धुऊन ठेवला. म्हटलं, पोट काय कुणा एकीलाच येतं?"

कोट अंगाला असा बसला, की जणू माप घेऊन शिवलेला. बाईंनी कळीवरून बोट फिरवलं. टाके बारीक, एकसारखे. मोजून काही चूक हाती लागली नसती.

"ती ओळ खोडता येईल का, मावशी?"

"वहीत खोडाखोड चालत नाही. तुमचीच सूचना आहे, भिंतीवर लावलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई विभागात शिरल्या तेव्हा नेहमीसारखी कुजबुज थांबली. फिरता फिरता त्या सवयीनं फूटपट्टी खिशात सरकवायला गेल्या. खिसा नव्हताच. पट्टी कोटावरून घसरली आणि झाकणांच्या टेबलापाशी खणकन फरशीवर पडली. वाकायचं कसं, या विचारात त्या तशाच उभ्या राहिल्या. कुणीच हसलं नाही. कुणीतरी हसायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

झाकणवालीनं आधी कळ्यांकडे पाहिलं. बराच वेळ. मग खाली वाकून पट्टी उचलली.

"मॅडम, बेल्ट पोटाच्या वर बांधा. खाली बांधला की काचतो."

बाईंनी बेल्ट सोडला. गाठ लवकर सुटेना. कानाच्या पाळ्या तापल्याचं त्यांना जाणवत होतं.

"तुमच्या या कळ्या..." त्या म्हणाल्या आणि बेल्ट पोटाच्या वर बांधू लागल्या.

दाराबाहेर तपासणीच्या माणसांचे बूट वाजले. झाकणवालीनं पट्टी पुढे केली. मग तिची नजर बाईंच्या कोटावर गेली, जिथे खिसा असायला हवा होता तिथे, आणि तिनं हात मागे घेतला.

"राहू द्या माझ्याकडे," ती म्हणाली. पट्टी स्वतःच्या खिशात ठेवून तिनं पुढची बाटली उचलली.