पेढ्याच्या बॉक्सवरचा देव

निकितानं पोर्टफोलिओची फाईल मिठाईच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली आणि मालक हिंमतरावकाकांकडं रिकामा बॉक्स मागितला. पेढ्याचा, अर्ध्या किलोचा, तिनं स्वतः डिझाइन केलेला. हिंमतरावांनी खाली वाकून बराच वेळ चाचपलं आणि एक कोरा पांढरा बॉक्स वर काढला.

"हा नाही काका. माझा, भैरवनाथाचा."

ते म्हणाले, स्टॉक संपलाय, छपाईवाला वेळेवर माल देत नाही, पुढच्या आठवड्यात ये. बोलताना ते वजनकाटा पुसत होते. काटा स्वच्छच होता.

पुढचा आठवडा कुणाला हवा होता! पुण्याच्या एका डिझाइन स्टुडिओला उद्या संध्याकाळपर्यंत अर्ज जायला हवा होता. नवशिक्यांसाठी एकच जागा, आणि अटही एकच: तुमचं एखादं काम लोक प्रत्यक्ष वापरताना दिसतील असा फोटो. आज रविवार, सोनारीत देवाला गर्दी, म्हणून ती सकाळीच दुकानात येऊन उभी राहिली होती.

याआधी तीन ठिकाणांहून नकार आला होता. नकार तरी कसला, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ अरे, शुभेच्छा कसल्या देता, काय चुकलं ते सांगा की! वर्षभर ती हेच विचारत फिरत होती. ज्यांच्या क्लासमध्ये शिकली त्या राजशेखर सरांना दाखवायला ती मुद्दाम एसटीनं धाराशिवला गेली. सरांनी फोनवर बोलत बोलत वीसच्या वीस पानं उलटली, एकाही पानावर थांबले नाहीत, आणि ‘नंबर एक’ म्हणाले. वर क्लासबद्दल नेटवर चार चांगले शब्द लिही म्हणून सांगितलं. चुलतभाऊ रणधीरनं मोबाईलवर आगीची तीन चित्रं पाठवली. आत्या म्हणाली, पोरीच्या हातात कला आहे. घ्या! आमटीत मीठ कमी पडलं तर अख्ख्या गल्लीला सांगणारी ही माणसं, आणि हिच्या कामाला मात्र सगळ्यांचं एकच, ‘छान.’ तो शब्द ऐकला की हल्ली तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सगळ्यात जास्त ‘छान’ मिळाले होते ते या बॉक्सला. हिंमतराव तिच्या वडिलांचे मित्र. सात महिन्यांपूर्वी तिनं तो त्यांच्या दुकानासाठी केला होता. झाकणभर भैरवनाथाचा मुखवटा, मागं हळदीचा पिवळा रंग, कोपऱ्यात दुकानाचं नाव. पोर्टफोलिओचं पहिलं पान तेच होतं.

कुणाच्या तरी हातात जुना बॉक्स असेलच, म्हणून ती कित्येक महिन्यांनी देवळाकडं गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात बघत फिरली. पांढरे बॉक्स, नुसते पांढरे. दोघी-तिघींना तिनं थांबवून विचारलंसुद्धा. ते ऐकून लिंबाखाली नारळ-फुलं विकणाऱ्या बाईनं तिला हाक मारली. दगडाबाई त्यांचं नाव. त्या बाहेरगावाहून यायच्या, निकिताला ओळखत नव्हत्या.

"देवाच्या तोंडाचा बॉक्स व्हय? किती पायजेत?"

त्यांनी पाठीमागचं पोतं ओढून पुढं घेतलं आणि त्याचं तोंड सोडलं. आत झाकणंच झाकणं. चुरगळलेली, तुपाचे डाग पडलेली, आणि प्रत्येकावर तोच मुखवटा.

दगडाबाईंनी मग सगळं सांगितलं. लोक प्रसाद घरी नेतात, पेढे संपतात, पण झाकणाचं करायचं काय? देवाचं तोंड कचऱ्यात टाकवत नाही, चुलीत घालवत नाही, पायाखाली येईल म्हणून कुठं ठेववतही नाही. मग पुढच्या खेपेला माणसं ते परत आणतात आणि लिंबाच्या पारावर ठेवून मोकळी होतात. वारा सुटला की गोळा करायचं दगडाबाईंनी, पोतं भरलं की नदीला सोडून यायचं तेही दगडाबाईंनीच. चार महिन्यांमागं काही लोकांनी हिंमतरावांशी भांडणच काढलं, तेव्हा कुठं दुकानात पांढरे बॉक्स आले. तरी जुनी झाकणं अजून येतच होती.

"ज्यानं कुनी ह्यो केला न्हवं," दगडाबाई म्हणाल्या, "त्यानं एक डाव रिकामा बॉक्स टाकून बघायचा हुता. तिथंच कळलं असतं."

निकिता उकिडवी बसली आणि एक झाकण उचललं. ते जमिनीवर ठेवायला तिचाही हात धजेना. तिला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. पण वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या कामाबद्दल असं काही बोललं होतं, की ज्यावरून पुढचा बॉक्स वेगळा करता यावा.

"मावशी, तो मी केलाय."

दगडाबाईंनी तिला खालीवर पाहिलं. ना ओशाळल्या, ना सारवासारव केली.

"मग बरं झालं घावलीस. ह्ये पोतं आता तूच उचल."

निकितानं आधी त्या उघड्या पोत्याचा फोटो काढला. लोक वापरताना दिसायला हवेत, असंच तर स्टुडिओनं म्हटलं होतं, आणि लोकांनी तिच्या कामाचं खरंच काय केलं ते या पोत्यातच दिसत होतं. मग ते पोतं खांद्यावर घेऊन ती तडक दुकानात गेली आणि हिंमतरावांच्या काउंटरवर नेऊन ठेवलं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. असू देत.

"चार महिने झाले काका. मला का नाही सांगितलं?"

हिंमतरावांनी पोत्याकडं पाहिलं, गिऱ्हाइकांकडं पाहिलं.

"कशाला तुजं मन मोडायचं बाळ? लई हौसेनं केलं हुतंस."

छपाईवाल्याला सांगितलं का, असं तिनं विचारलं. त्याला तर फोनवर चांगला झापला, म्हणाले. त्याचा धंदा आहे, त्यानं ऐकून घेतलंच पाहिजे.

"आणि माझा?"

"पोरगा असता तर त्यालाबी चार शिव्या घातल्या असत्या. पोरीला काय बोलायचं?"

एवढी मोठी शिवी त्यांनी घातली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. निकिताचे डोळे भरून आले, रागानं. तिनं ते पुसले, कोपऱ्यातलं स्टूल ओढून काउंटरशी बसली, फाईल उघडून त्यांच्यापुढं सरकवली आणि पेन काढलं.

"मग आता घाला. वीस पानं आहेत. एकेका पानाला घाला."

हिंमतरावांनी हात फडक्याला पुसले. चष्मा लावला. पहिलं पान त्यांनी खाली मान घालून उलटलं. दुसऱ्या पानावर रणधीरच्या लग्नाची पत्रिका होती, बेंबळी गावात झालेल्या लग्नाची. तिच्यावर ते थांबले. पान हातभर लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. गिऱ्हाइकंही वाकून बघायला लागली.

"ही फुलं लई ग्वाड हैत," ते म्हणाले, आणि तिच्याकडं बघून थांबले. मग घसा खाकरला. "पर टायम कुठं लिवलाय, त्यो मला शेवटपत्तुर घावला न्हाय. अक्षदा पडल्यावर पोचलो म्या. तुज्या बापाला म्हनलो, गाडी पंक्चर झाली."

एक गिऱ्हाईक म्हणालं, त्या लग्नाला आमचंही तसंच झालं होतं.

"लिहिते," निकिता म्हणाली. "पुढं बोला."