धुरपदाबाईंचा धाबा

“हात थांबवू नका गं. चुना अजून ढब्ब वाजतोय,” धुरपदाबाई म्हणाल्या, आणि बंगल्याच्या धाब्यावर ओळीने बसलेल्या अकरा बायकांची लाकडी चोपणी पुन्हा एका लयीत पडू लागली.

मुरुम गावाजवळच्या शेतातला हा दगडी बंगला निजामाच्या नोकरीतल्या एका गोऱ्या साहेबाने बांधलेला. हातभर जाड भिंती, पुढे कमानींचा व्हरांडा, वर चुन्याचा सपाट धाबा. पुढे तो मल्लिकार्जुनअप्पांच्या घराण्याकडे आला. त्यांच्या वडिलांनी हौसेने धाब्यावर सिमेंट ओतलं. ते उन्हात तडकलं, तडे बुजवायला पुन्हा सिमेंट आलं, आणि दिवाणखाना गळायचा तो गळतच राहिला. इंजिनिअर रणधीरने बंगला पाडायला सांगितलं. जेसीबीही ठरला.

तेव्हा धुरपदाबाई अप्पांपुढे उभ्या राहिल्या. “धाबा चांगला हाय, अप्पा. वरलं सिमेंट काढा. दहा वर्षांची व्हते तवा आईसंगं म्या ह्योच धाबा चोपलाय.”

“आणि गळला तर?”

“तर जेसीबी हायच की.”

साठ वर्षं या बाईने गवंड्यांच्या हाताखाली टोपल्या वाहिल्या. तुला काय येतं, असं एकानेही विचारलं नाही. शहाणे कुठले!

सिमेंट निघालं, वर नवा चुना पसरला. गूळ आणि हिरड्याचं पाणी शिंपत नऊ दिवस चोपणं चाललं. चुना टणटण वाजू लागला तेव्हाच बाईंनी हात थांबवले. मग पंधरा दिवस वर ओली पोती अंथरली.

परीक्षेच्या दिवशी पन्हाळी बुजवून रणधीरने टँकरभर पाणी धाब्यावर सोडलं. खाली दिवाणखान्यात बाईंनी कोरडी राख पसरली. एक थेंब पडला तरी खळगा दिसणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांनी दार उघडलं. राख जशीच्या तशी होती. रणधीर गुडघ्यांवर बसून कोपरान् कोपरा बघत राहिला. अप्पांनी तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावला, “येऊ नका.” पदर तोंडाला लावून बाई पोटभर हसल्या.

व्हरांड्याचा धाबा अजून बाकी होता. सकाळी काम सुरू झालं, तेव्हा बूट काढून रणधीर बायकांच्या ओळीत शेवटी येऊन बसला. चार घाव घातले आणि चोपणं तिरकं पडलं.

“मनगट सैल सोडा, साहेब. जोर नगं, लय धरा.”

साठ वर्षांत कुठल्याही बांधकामावर बाईमाणसाला ज्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, ते नाव रणधीर सहज बोलून गेला.

“बरं, मिस्त्री.”

अकराही चोपणी क्षणभर थांबली.

“हात चालू द्या,” धुरपदाबाई म्हणाल्या.