तीस दिवसांचा नियम

शेवटच्या साध्या रविवारी बाबांनी दार उघडलं ते हातात छापील कागद घेऊनच.

"या, बाईसाहेब. तुमच्या ऑफिसनं मला तिसऱ्यांदा हाकललंय."

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर दोन वर्षं ते आमच्या कंपनीच्या मोफत कॅलेंडर-प्रोग्रामचे स्वयंसेवक परीक्षक होते. प्रोग्राम वापरून पाहायचा, चूक म्हणजे 'बग' सापडला की तक्रार नोंदवायची, मोबदला शून्य. असे लोक जमवणं, टिकवणं आणि वाढवणं ही माझी नोकरी. त्यासाठी मी गुण काढले होते, बिल्ले काढले होते. शंभर तक्रारींना 'बगबहाद्दर', चारशेंना 'बगसम्राट'. मोठी शिकलेली माणसं या बिल्ल्यांसाठी आपसांत भांडत, आणि त्या भांडणाला आम्ही अहवालात 'सहभाग' म्हणत असू.

बाबा 'घड्याळजी' या नावानं लिहीत. ते बगसम्राट झाले तेव्हा म्हणाले, "हे कुठे लावायचं? पायजम्याला?"

त्यांची भांडणाची तक्रार एकच होती. दर महिन्याच्या एकतीस तारखेला आठवण लावली, तर तीस दिवसांच्या महिन्यात ती तीस तारखेला वाजायला हवी. ती वाजतच नाही. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला महिन्यातून एकदा चावी द्यावी लागे, त्यासाठी त्यांनी ती लावली होती. चावी द्यायला ते स्वतः कधी विसरले नाहीत. विसरायचा प्रोग्रामच.

आमच्या प्रोग्रामरनं कॉम्प्युटरची तारीख पुढे ढकलून पाहिलं. आठवण वाजली. त्यानं शेरा मारला : 'चूक दिसत नाही. पुन्हा करून दाखवा.'

बाबांचं उत्तर असं : 'मशीन बंद न करता महिना आपोआप संपू द्या. काटे हातानं फिरवून घड्याळ बरोबर चालतं का, हे कळत नाही.'

महिनाभर थांबायला आमच्याकडे कुणाला वेळ होता? शिवाय नियम होता. तीस दिवसांत पुरावा आला नाही की तक्रार आपोआप बंद. एप्रिलअखेर नोंदवलेली तक्रार मे महिन्यात मेली, कारण मे एकतीस दिवसांचा, त्यात चूक दिसणारच नाही. जूनमधली जुलैत मेली, सप्टेंबरमधली ऑक्टोबरात. हा नियम माझा. त्यामुळे उघड्या तक्रारी निम्म्यावर आल्या आणि वार्षिक सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

"तीस नोव्हेंबरला पुन्हा दाखवतो," बाबा म्हणाले. "मशीन सप्टेंबरपासून बंद केलेलं नाही. झाडूवाल्या बाईंनाही हात लावू देत नाही." मग कागदाची घडी घालत, "मी कोण ते सांगितलंस का ऑफिसात?"

"वशिला वाटेल लोकांना."

"वशिला असून तीनदा हाकललं. फारच प्रामाणिक ऑफिस आहे."

मी हसले. खरं कारण वशिला नव्हतं. प्रत्येक बैठकीत घड्याळजींचं पत्र मोठ्यानं वाचलं जाई, 'पायरी १ : चष्मा पुसला' इथपासून. सगळे हसत. मीही हसत असे, कधीकधी सगळ्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्यांच्या स्टुलावर बसल्याबसल्या गेले. डोळ्याला लावायचं भिंग हातातच होतं.

ऑफिसला मी वडील गेल्याचं कळवलं. ग्रुपवर हात जोडल्याची अकरा चित्रं आली आणि एक अंगठा. त्याच आठवड्यात बाबांच्या पत्त्यावर आमच्या यंत्रणेचं पत्र गेलं : 'घड्याळजी, तुमची आठवण येतेय! परत या आणि पन्नास गुण मिळवा!' मजकूर माझाच. दोन उद्गारचिन्हांवर मी त्या वेळी अर्धा तास चर्चा केली होती.

दोन डिसेंबरला मी घर आवरायला गेले. भिंतीवरचं घड्याळ थांबलं होतं. मशीन मात्र चालू होतं. आठवण वाजून गेली की पडद्यावर एक पिवळी चौकट राहते, कुणी मिटेपर्यंत हलत नाही. चौकट नव्हती. नोव्हेंबर आपोआप संपला होता, कुणी काटे फिरवले नव्हते आणि प्रोग्राम मुकाट बसून राहिला होता. मी पडद्याचा फोटो काढला. मग त्यांच्या स्टुलावर बराच वेळ बसले.

सोमवारी बैठक होती. विषय : निष्क्रिय स्वयंसेवकांना पुन्हा कसं गुंतवावं. प्रमुखांनी यादी पडद्यावर लावली. पहिलंच नाव घड्याळजी, तक्रारी चारशे बारा.

"हे आजोबा रुसले वाटतं," प्रमुख म्हणाले. "एवढा कामाचा माणूस असा सोडायचा नाही. एखादा नवा बिल्ला काढू या. 'बगमहर्षी' कसं वाटतं?"

"नको हो," प्रोग्रामर म्हणाला. "आत्ता कुठे शांतता आहे. परत एकतीस तारीख घेऊन येतील. पायरी एक, चष्मा पुसला."

सगळे हसले. सवयीनं माझेही ओठ हलले. प्रमुख माझ्याकडे वळले. "तू फोन कर त्यांना. तुझं गोड बोलणं ऐकून येतील."

मी फोटो पडद्यावर लावला.

"हा त्यांचा पुरावा. तीस नोव्हेंबरचा. मशीन बंद न करता," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला नवल वाटलं. "ते येणार नाहीत. तुम्ही अकरा जणांनी हात जोडलेत ना, ते त्यांच्यासाठीच होते. घड्याळजी माझे वडील. दोन वर्षं मी हे सांगितलं नाही, कारण मला तुमच्यात बसून हसायचं होतं."

प्रोग्रामर वहीवर काहीतरी गिरवत राहिला.

"त्यांचं बरोबर होतं," मी म्हणाले. "तक्रार उघडा."